खामफुईचा ख्वान फळीखाली राहिला

खामफुई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. सावन्नाखेतच्या नदीघाटावर आम्ही दोघांनी बावीस वर्षं ओझी वाहिली. होडीतून फळीवर, फळीवरून चढणीला, चढणीवरून ट्रकात. तो बुटका, छातीनंही बेताचाच. पण त्याच्या पाठीवरची गोणी कधी डुलली नाही. ओझ्यानं माणूस दमत नाही, डुलणाऱ्या ओझ्यानं दमतो, असं तो म्हणायचा. नव्या हमालाला तो पहिले तीन दिवस रिकाम्या पाठीनं फळीवर चालवायचा. अनवाणी. फळी झोका घेते, त्या झोक्यात पाऊल बसलं पाहिजे. मलाही त्यानं तसंच शिकवलं.

पुढं नदीवर पूल झाला आणि घाटावरचं काम बसलं. खामफुईनं बाजारात गोण्या उचलल्या, साठी उलटेपर्यंत. मग एका सकाळी त्याचा मणका सरकला. चार महिने तो आडवा होता. त्याची बायको बुआवान त्याला कुशीवर वळवायची, तेल चोळायची, भाताचे गोळे करून भरवायची. तो उठून चालायला लागला त्या दिवशी तिनं त्याला गावच्या देवळात नेलं आणि बुद्धासमोर वदवून घेतलं, पुन्हा पाठीवर गोणी घेणार नाही. तिचा स्वतःचा नवसही होता. पाठ सुधारली तर नदीपलीकडे, थाई मुलखात, थात फनोमच्या स्तूपाला फुलं वाहीन.

तो नवस फेडायला आम्ही तिघं माघातल्या जत्रेला गेलो. पुलावरून बस, पलीकडून टेम्पो. परदेश म्हणायचा तर परदेश. शिक्के मारलेला तीन दिवसांचा कागद खिशात होता. बोली मात्र जवळजवळ आमचीच आणि भातही आमच्यासारखाच चिकट. खामफुईनं जत्रेसाठी नव्या रबरी चपला घेतल्या होत्या.

सकाळी बुआवान फुलांच्या रांगेत उभी राहिली. रांग लांब होती. आम्ही दोघं तंबाखू घ्यायला बाजाराकडे गेलो. तिथं तांदळाच्या वखारीसमोर ट्रक उभा होता आणि चार पोरगेले हमाल वखारीपर्यंत टाकलेल्या लांब फळीवरून गोण्या उतरवत होते. वाईट उतरवत होते. एकेक गोणी, ती पण डुलत. खामफुई थांबला. मी म्हटलं, "चल." तो हलला नाही.

"बघ, बघ," तो म्हणाला, "टाच आधी टाकतोय. मरेल हा."

वखारीचा मुकादम हसला. "काका, बोलणं सोपं आहे. पलीकडून आलात ना? तिकडे गोण्या म्हशी वाहतात म्हणे."

"म्हशीच वाहतात," खामफुई म्हणाला, "दोन दोन." आणि त्यानं पाठ वळवली.

पहिली गोणी ट्रकावरच्या पोरानं ठेवली. दुसरी मी ठेवली. हे मी लपवत नाही. पन्नास किलोची गोणी, मी ती नीट, मधोमध ठेवली. चपला काढ, एवढं सांगायला मी विसरलो. परक्या गावात चारचौघांत अनवाणी व्हायची त्याला लाज वाटली असावी. तो सोळा पावलं चालला. एकही गोणी डुलली नाही. सतराव्या पावलाला रबर फळीवर सरकलं आणि तो फळीखाली गेला, गोण्या त्याच्यावर. उजव्या नडगीचं हाड कातडीबाहेर आलं.

मुकादमानंच ट्रक काढून आम्हाला सरकारी इस्पितळात पोचवलं. वाटेत खामफुईनं माझं मनगट धरलं.

"केओ, बुआवानला सांग, स्तूपाच्या पश्चिमेच्या पायरीवरून घसरलो."

बुआवानला फुलांच्या रांगेतून इस्पितळात आणताना मी तिला तसंच सांगितलं.

डॉक्टर म्हणजे चष्मा लावलेली तरुण मुलगी होती. तिनं पाय बघितला आणि सरळ बोलली. भूल देऊन जखम धुवायची, हाड बसवून सळई घालायची. आजच, चारच्या आत. उशीर झाला तर पाय सडेल, मग गुडघ्यापासून कापावा लागेल. तिनं कागद पुढं केला. अंगठा चालेल म्हणाली.

खामफुईनं हात मांडीखाली दडवला. "ख्वान आला नाही."

मुलगी चिडली नाही. तीही याच मुलखातली होती. माणूस दचकून पडला की त्याचा ख्वान, अंगात राहणारा आत्मा, तिथंच गळून पडतो. अंग उचलून नेता येतं, ख्वान मागं राहतो. तसल्या रिकाम्या अंगाला भूल दिली तर ते परत जागं व्हायचं नाही, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं.

"मावशी, पटकन घेऊन या. चारच्या पुढं मी थांबेन, पाय थांबणार नाही."

तेव्हा अकरा वाजले होते.

ख्वान जाळ्यानं उपसावा लागतो. बुआवान मासळीबाजारात गेली, मी मागं टोपली घेऊन. टोपलीत उकडलेलं अंडं, केळं, चिकट भाताचा गोळा आणि खामफुईचा रक्त लागलेला सदरा. कोळीण अनोळखी, पण एक शब्द विचारल्याशिवाय तिनं दांड्याचं हातजाळं काढून दिलं. "हे घे, नवं आहे. फाटक्यातनं निसटतात."

पश्चिमेच्या पायरीवर गर्दी होती. जाळं बघून लोक बाजूला झाले. बुआवाननं पायरीवरून जाळं ओढायला सुरुवात केली, पाण्यातून ओढावं तसं, सावकाश. "ये रे ख्वाना, दगडाखाली बसू नको, लोकांच्या पायात येऊ नको. तुझी उशी मोकळी आहे. ये रे, घरी ये." एक म्हातारी थाई बाई येऊन तिच्याबरोबर हाका मारू लागली. मी टोपली धरून उभा होतो. माझी नजर कुठं ठेवावी ते कळेना. पायरी स्वच्छ होती. तिथं कुणी पडलं नव्हतं.

बुआवाननं चिमूटभर तांदूळ घेतले, तळहातावर दोन दोन करून मांडले. सगळ्या जोड्या जुळल्या. सम.

"आला!" ती म्हणाली आणि सदऱ्यात ख्वान गुंडाळून छातीशी धरला. इतकी झपाट्यानं चालली की मी मागं पडलो.

इस्पितळात पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. तिनं सदरा त्याच्या छातीवर ठेवला, मनगटाला पांढरा दोरा बांधला. नर्स कागद घेऊन आली. खामफुईनं हात पुन्हा दडवला. त्याच्या कपाळावर घाम होता, पाय पट्टीत सुजून पपईएवढा झाला होता.

"नाही आला," तो म्हणाला.

"तांदूळ सम आले!"

"असतील आले."

"पोरांच्या बापा, दुपार झाली. पाय कापतील तुझा. मी जाळ्यानं उपसलं, ती म्हातारी पण ओरडली, अख्ख्या जत्रेनं बघितलं. आणि तू इथं झोपून म्हणतोस नाही आला?"

तो छताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. अडीचला नर्स परत आली, ताप मोजून गेली. बुआवान पलंगाला फेऱ्या घालत होती. मी तीनदा बाहेर जाऊन तीनदा आत आलो.

शेवटी तोच बोलला. "मी पायरीवर पडलोच नाही. वखारीत पडलो. गोणी होती पाठीवर."

बुआवान थांबली.

"किती गोण्या?"

"दोन."

"दुसरी कुणी ठेवली?"

"मी, वहिनी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की बावीस वर्षांत एकाही मुकादमानं तसं बघितलं नव्हतं. "देवाला दिलेला शब्द," ती नवऱ्याला म्हणाली, "त्याच देवाच्या दारात मोडलास. आणि मला खोट्या पायरीवर नाचवलंस." मग तिनं जाळं उचललं. "भावजी, टोपली घ्या. वाट दाखवा. पळा."

वखारीत अजून गोण्या उतरत होत्या. मुकादमानं जाळं बघितलं आणि हात वर केला. चौघांनी गोण्या खाली ठेवल्या. कुणी हसलं नाही.

"कुठं?" बुआवाननं विचारलं.

"इथं, मावशी. सतरावं पाऊल," एक हमाल म्हणाला. "सोळा चालला काका. आमच्यातला कुणी पाचसुद्धा चालणार नाही."

"गप रे," ती म्हणाली. पण जागा तिनं नीट बघून घेतली.

फळीखाली ती गुडघ्यांवर बसून उपसत होती. धूळ, तूस, तांदळाचा भुसा. "ये रे मूर्खा," ती ओरडत होती, "ओझं खाली ठेव आणि ये." तांदूळ मांडले. एक दाणा उरला. विषम. परत उपसलं, परत मांडले. परत एक उरला. वखारीतल्या घड्याळात साडेतीन झाले होते.

"वहिनी, अजून एकदा?"

तिनं दाणे झटकले. सदरा गुंडाळला. "नाही आला. पण चार वाजतात. त्याला सांगायचं नाही, कळलं? सम आले. तुम्ही बघितलेत."

"बघितले," मी म्हणालो.

आम्ही धावत आलो. तिनं सदरा त्याच्या छातीवर दाबला आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "सम आले. दोन्ही वेळा." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं मोठा श्वास सोडला, अंगठा पुढं केला, शाई लावून दाबला. नर्सनं मनगटावरचा दोरा कापला नाही, त्यावर चिकटपट्टी लावली. चारला सहा मिनिटं कमी असताना त्याला आत नेलं.

दार बंद झालं तशी बुआवाननं जाळं उचललं.

"कुठं?"

"वखारीत. तो झोपलाय तोवर आणायला हवा. तुम्ही इथून हलू नका."

मी बाकावर बसलो, उठलो, बसलो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, वखारीत काय चाललंय तेही नाही. आत तो रिकामाच झोपला होता आणि इस्पितळात हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. दीड तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पाय राहिला, म्हणाल्या. सळई बसली. एवढ्यात जागा होईल.

तो जागा होईना. पंधरा मिनिटं. वीस. नर्स गालावर थोपटत होती, "काका, अहो काका." बाईंनी सांगितलं, वय झालेल्या माणसाला वेळ लागतो. मी दारातच उभा राहिलो.

तेवढ्यात बुआवान आली. केसांत तूस, गुडघे मळलेले, मूठ घट्ट मिटलेली.

"सातव्या वेळेला," ती म्हणाली आणि मला ढकलून आत गेली.

तिनं मूठ त्याच्या छातीवर उघडली आणि कानाशी वाकली. काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. घाटावरच्या हमालांनाही त्यातल्या निम्म्या शिव्या माहीत नव्हत्या. नर्स भिंतीकडे तोंड करून हसली.

खामफुईनं एक डोळा उघडला. "किती... वाजले?" त्यानं विचारलं.

"तुझे बारा," ती म्हणाली, आणि तिथंच खाली फरशीवर बसून रडली.