बर्फीच्या उशाशी राणे सिस्टर

राणे सिस्टर जिन्यात भेटल्या की आधी मनगट धरायच्या. "पाणी आलं का रे आज?" असं विचारताना त्यांची नजर साडीला पिन लावून उलट्या टांगलेल्या घड्याळावर असायची. मिनिटभर पाण्याविषयी बोलून झालं की मनगट सोडून म्हणायच्या, "ब्याऐंशी. जिना सावकाश चढ." डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांच्या हाती नाडी न दिलेला माणूस नव्हता. इस्पितळाच्या सर्जिकल वॉर्डात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या बाईंना त्यांचे यजमानही सिस्टरच म्हणत. आता दोघंही नाहीत.

बर्फी हा आमचा ससा, म्हणजे खरं तर मादी. माद्यांना पुढे गर्भाशयाचा कॅन्सर होण्याची भीती असते, पिशवी काढून टाकलेली बरी, असं डॉक्टर म्हणाले. घोडबंदर रोडच्या एका दवाखान्यात शनिवारी सकाळी तिचं ऑपरेशन झालं. मी ही गोष्ट सिस्टरांपासून लपवली होती, पण चार वाजता टोपली घेऊन घरी आलो तर त्या दारातच उभ्या. माझ्या बायकोने, मेघाने, बातमी फोडली होती.

"घरात ऑपरेशनचा पेशंट, आणि मला कळवलं नाहीस?" एवढंच म्हणून त्या आत शिरल्या.

पाच मिनिटांत आमच्या हॉलचा वॉर्ड झाला. फ्रिजवर चार्ट लागला. नाव बर्फी, वय दीड वर्ष. धर्माचा रकाना त्यांनी थोडा विचार करून रिकामा सोडला. बर्फीच्या छातीवर दोन बोटं ठेवून नाडी मोजायला घेतली, तर अर्ध्या मिनिटातच आकडा शंभरापुढे गेला. सिस्टरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

भेटायची वेळ पाच ते सहा, एका वेळी दोघंच, चपला बाहेर. सोसायटीला एवढं निमित्त पुरलं. पेशंटकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटं. दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुख वहिनी टोपलीपाशी पदर सावरून बसल्या. "माझीपण काढलेली, चार वर्षं झाली," त्या बर्फीला म्हणाल्या. "सहा महिने बादली उचलायची नाही बघ." सिस्टरांनी मानेनेच दुजोरा दिला आणि वेळ संपल्याचं सांगून त्यांना उठवलं.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण जाताना सिस्टरांनी टोपलीतलं गवत आणि पाण्याची वाटीही उचलली. "पोटातला गॅस सरेपर्यंत तोंडाने काही नाही," म्हणाल्या, आणि तसं चार्टवरही लिहिलं. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की घरी नेल्या नेल्या खायला द्या आणि लेंड्या मोजा. मी तसं चाचरत सांगितलं.

"कागद डॉक्टर लिहितात," सिस्टर म्हणाल्या, "पेशंट सिस्टर सांभाळते." मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

रविवारी दुपारी बर्फी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि दात करकर वाजवत होती. टाक्याची जागा स्वच्छ होती, पण टोपलीत एकही लेंडी नव्हती. मेघाने घाबरून डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सिस्टर शेजारीच होत्या.

"उपाशी ठेवलीत?" डॉक्टर म्हणाले. "अहो, माणसाचे नियम सशाला लावू नका. त्याचं पोट सतत चालू लागतं, थांबलं तर जीव जातो. भुकटी दिली आहे ती पाण्यात कालवून सिरिंजने भरवा. दुखण्याचं औषध द्या, ऊब द्या. सहापर्यंत लेंडी झाली नाही तर ताबडतोब घेऊन या."

मला सिस्टरांपेक्षा स्वतःची जास्त लाज वाटली, कारण कागद माझ्याच खिशात होता. सिस्टर फ्रिजपाशी गेल्या. 'तोंडाने काही नाही' या ओळीवर त्यांनी लाल रेघ मारली, बाजूला 'सिस्टरची चूक' असं लिहून सही केली आणि हात धुतले.

मग दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या जमिनीवर बसल्या. बर्फीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात बांधून शेजारी ठेवली आणि जबड्याच्या बाजूने थेंब थेंब भरवत राहिल्या. पाच वाजता माणसं आली. त्यांना मेघाने जिन्यातच थोपवलं. "झाली का?" एवढंच कुणी ना कुणी दारातून कुजबुजत होतं. शिकल्यासवरलेल्या, नोकऱ्या केलेल्या आठ-दहा जणांचा जीव त्या संध्याकाळी एका लेंडीत अडकला होता.

पावणेसहाला ती झाली. पाठोपाठ आणखी तीन. देशमुख वहिनींनी जिन्यातून हात जोडले आणि माणसं पांगली. बर्फीने स्वतःहून कोथिंबिरीची काडी ओढली.

आता सिस्टर उठतील असं मला वाटलं, पण त्या बसून राहिल्या. त्यांनी बर्फीला समोर ठेवलं आणि वॉर्डातल्या स्वच्छ आवाजात सांगितलं, "काल संध्याकाळपासून तुझं खाणं मी बंद केलं होतं. ते चुकीचं होतं. तुला दुखलं ते माझ्यामुळे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत असं किती जणांना सांगायचं राहून गेलं. वॉर्डात तशी पद्धतच नव्हती रे."

कोथिंबीर संपवून बर्फी पुढे सरकली आणि त्यांचा पदर कुरतडू लागली. सिस्टरांनी तो सोडवून घेतला नाही.