पंधराच्या वर दिले तर घ्यायची

गाडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हात टेकून मी ती हलवत होतो. टाकीत हवा अडकून राहते, गाडी हलवली की ती निघून जाते आणि आणखी थोडं पेट्रोल बसतं, असं वाचलं होतं. डिचोलीच्या पंपावरचा माणूस नळी धरून बघत होता.

"सर, फुल हो गया. ऑटो कट हुआ."

"आणखी घाला," मी म्हणालो.

"तुमकां मराठी येता?"

"मी साखळीचा."

त्याने काळ्या नंबरप्लेटकडे पाहिलं. गोव्यात काळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी आणि भाड्याची गाडी म्हणजे पर्यटक. साखळीचा माणूस रविवारी सकाळी आठ वाजता डिचोलीत भाड्याची गाडी हलवत का उभा आहे, हे त्याने विचारलं नाही. पेट्रोल टाकीच्या तोंडाशी दिसेपर्यंत घातलं आणि झाकण लावलं.

"हलवून झाली असेल तर निघू या," बायको, सुनंदा, आतून म्हणाली.

सुनंदा डिचोलीच्या एका कारखान्यात आहे. त्याच कारखान्याच्या तुयेच्या शाखेत तिला विभागप्रमुखाची जागा देऊ केली होती. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं. तुयेची पाळी आठला सुरू होते आणि साखळीहून आठपर्यंत तुयेला पोचवणारी बस नाही. म्हणून गाडी. आमच्याकडे एक गाडी आहे, अकरा वर्षांची, छोटी. ती मी कॉलेजला नेतो. मी शिकवतो ते कॉलेज डिचोलीत, आठ किलोमीटरवर.

"ती मला दे," सुनंदा पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

मी हसलो होतो. खड्डे, खनिजाचे ट्रक, पावसाळा. त्या रस्त्याला उंच गाडी हवी, मी म्हणालो. मग सहा आठवडे मी मध्यम आकाराच्या एसयूव्हींचा अभ्यास केला. हायब्रिड कमी पितो, पण त्याची किंमत ऐकून पाणी प्यावं लागतं. डिझेल फार चालणाऱ्याला परवडतं. पेट्रोल ऑटोमॅटिक सगळ्यांना आवडतो आणि कोणालाच त्याचा खरा ॲव्हरेज माहीत नसतो. कंपनी वीस सांगते. शोरूमचा मुलगा अठरा सांगतो. शेजारी, ज्याच्याकडे ती आहे, तो विषय बदलतो.

शेवटी ठरलं: गाडीने लिटरला पंधराच्या वर दिले तर घ्यायची आणि सुनंदाने तुये घ्यायचं. खाली आली तर दोन्ही नाही, कारण रोजच्या साठ किलोमीटरांना तेवढं पेट्रोल घालणं आम्हाला जमणार नव्हतं. हा नियम मी केला. तिने मान डोलावली, म्हणजे विरोध केला नाही.

असा बेत करणाऱ्यांसाठी सांगतो. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह तीन किलोमीटरची असते, सरळ रस्त्यावर, शेजारी बोलणारा माणूस बसवून. त्यापेक्षा तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्यावं. आम्हाला म्हापशात अडीच हजारांत मिळालं. टाकी काठोकाठ भरावी, आपल्या रोजच्या रस्त्याने जावं आणि त्याच पंपावर येऊन पुन्हा काठोकाठ भरावी. किलोमीटरांना लिटरांनी भागावं. गाडीतल्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

अस्नोड्यापर्यंतचा रस्ता बरा आहे. रविवार, त्यामुळे ट्रक नव्हते. मी मागे टाकण्यासारखं जे दिसलं ते मागे टाकलं. कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका. पडदा तेरा दाखवत होता.

"गाडी गरम व्हायला वेळ लागतो," मी म्हणालो.

"गाडीला की तुला?"

तुयेच्या कारखान्याचं फाटक बंद होतं. सुनंदा उतरली. रखवालदाराने "टूरिस्ट इधर नहीं," म्हणून हात केला. तिने ओळखपत्र दाखवलं. तो उठून उभा राहिला. ती फाटकाच्या गजांतून आत थोडा वेळ पाहत राहिली. मग परत येऊन बसली. पुलापासून तिथपर्यंत मी मोजलेले गतिरोधक अकरा.

तिथून तिचं माहेर वीस मिनिटांवर. तिचे वडील, मी त्यांना मामा म्हणतो, तीस वर्षं पेडणे-म्हापसा खाजगी बस चालवत होते. ते अंगणातच उभे होते. गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारली.

"मास्तर, ही काळी पाटी कित्याक? हॉटेल काडलां काय?"

मी भाड्याचं आणि मायलेजचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ॲव्हरेज गाडयेत नसता. पायात असता," ते म्हणाले. "आणि एवढी गाडी घेतास, कौल घेतलो?"

कौल घेतला नव्हता. तिकडे घर बांधायचं, लग्न ठरवायचं, विहीर खणायची तर आधी ग्रामदेवतेला विचारतात. सहा आठवड्यांच्या अभ्यासात ही गोष्ट माझ्याकडून सुटली होती.

देऊळ दोन किलोमीटरवर. मामांना गाडी चालवायची होती. नको म्हणायची माझी टाप नव्हती. किल्ली खिशात असली की बटणाने सुरू होते, हे ऐकून त्यांनी किल्ली मागून घेतली, कपाच्या खळग्यात ठेवली आणि गाडी अशी नेली की पडद्यावरचा आकडा वर सरकला.

गुरवाने गाभाऱ्यातला पंखा बंद करायला सांगितला. मग पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या पाषाणावर लावल्या, काही उजवीकडे, काही डावीकडे. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वारा नाही, एसी नाही, कोणी बोलायचं नाही. इतकी काटेकोर चाचणी कोणत्या कंपनीने केली असेल असं मला वाटत नाही.

"आई माते, ही तुजी लेक सांखळेसून तुझ्या पायांकडे आयल्या," गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "तिचो घोव नवी गाडी घेवंक बघता. घेवची आसल्यार उजवो दी, नाका आसल्यार डावो दी."

"व्हय म्हाराजा!" मामा मागून म्हणाले.

पाकळ्या हलल्या नाहीत. अर्धा तास गेला. गुरवाने पुन्हा विनवलं. मामा डोळे मिटून होते. मी ऑटोमॅटिकचा विचार करत होतो. देवीला ऑटोमॅटिक की मॅन्युअल हे सांगितलंच नव्हतं. तासाभराने डाव्या बाजूची एक पाकळी सुटली आणि खाली आली.

"नाय म्हणता," गुरव म्हणाला. "आणि काय विचारूचा आसा?"

"आहे," सुनंदा म्हणाली. "तुयेची जागा घेऊ का, विचारा."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गुरवाचं वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी पडली. मामा "व्हय म्हाराजा" म्हणायचे राहून गेले.

बाहेर आलो तर गाडी थरथरत होती. अगदी बारीक, हात लावला तरच कळेल अशी. एसीचं पाणी खाली गळून छोटा ओहोळ झाला होता.

"मामा, तुम्ही बंद नाही केली?"

"बंद?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांच्या बसचा स्टार्टर कधीच धड नव्हता. एकदा बंद केली की सगळ्या उतारूंना उतरून ढकलावी लागे. म्हणून तीस वर्षांत त्यांनी सकाळी सुरू केलेलं इंजिन रात्रीपर्यंत बंद केलं नव्हतं. "आवाज नाय रे मास्तर हिका," ते म्हणाले. "माका काय ठावक?"

एक तास दहा मिनिटं. मी वेळ लिहून घेतली.

मामांना घरी सोडलं आणि मोरजीला जेवलो. माशांची थाळी अडीचशे, चव चांगली, वाढपी आमच्याशी शेवटपर्यंत हिंदीत बोलला. कासवांची अंडी घालण्याची जागा दोरी बांधून राखली होती. कासव दिसलं नाही. दोरी दिसली.

तिथून सुनंदाने गाडी घेतली. मी पडदा शून्यावर आणला. चोपडे, शिवोलीचा पूल, म्हापसा. शिवोलीत वीस मिनिटं अडकलो. ती कोणाला मागे टाकत नव्हती. पुढच्या गाडीचे दिवे लागायच्या आधीच तिचा पाय उचललेला असायचा. थेट मामांचा पाय. म्हापशाच्या पुढे पडद्यावर सतरा आले.

"पडदा खोटं बोलतो," मी म्हणालो.

"सकाळी तेरा म्हणाला तेव्हा?"

डिचोलीच्या पंपावर तोच माणूस होता. यावेळी त्याने मी न सांगता गाडी हलवायला मदत केली. चौऱ्याण्णव किलोमीटर, सहा लिटर सातशे. चौदा.

"देवळासमोर जळलेलं वजा करायचं," मी म्हणालो. "त्याचा एक लिटर धरला तर साडेसोळा होतात."

"आणि शिवोलीत उभे होतो ते?"

"ते रस्त्यातलं."

"देऊळ रस्त्यातच होतं." तिने सीटचा पट्टा सोडला. "देवी नाही म्हणाली. टाकी नाही म्हणाली. आता कोणाला विचारणार आहेस?"

"नियमाप्रमाणे मग तुयेही नाही," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी ते वाक्य मला नको होतं.

 पंपावरचा माणूस पैशांसाठी थांबला होता, तो दोन पावलं मागे सरकला.

"आपली जुनी किती देते?" तिने विचारलं.

"मोजलं नाही कधी."

"अकरा वर्षांत?"

मी पैसे दिले. म्हापशाला जाऊन काळ्या पाटीची गाडी परत केली आणि साखळीची बस धरली. मला उभं राहावं लागलं. तिला खिडकी मिळाली.

हिशेब इथे देतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच वाचत इथवर आले असतील. माझ्या हाताखाली तेरा. सुनंदाच्या हाताखाली सतरा. देवळासमोर, रिकामी, शून्य. तिन्ही आकडे एकाच गाडीचे आणि तिन्ही खरे. त्या गाडीत काही खोट नव्हती. सीट उत्तम होत्या.

सोमवारी सकाळी साडेसहाला सुनंदाने जुनी गाडी काढली. मी बरोबर निघालो. डिचोलीच्या पंपावर तिने टाकी भरली. मशीन थांबल्यावर ती थांबली. किलोमीटर लिहून घेतले. सातला तिने मला कॉलेजपाशी सोडलं आणि हो सांगायला तुयेला गेली. कॉलेजचं फाटक साडेआठला उघडतं.