चेंबरचं उद्घाटन

फिनेलचा वास आला की मला हद्दवाढ भागातली आमची जुनी गल्ली आठवते. महापालिकेनं तिथं ड्रेनेजचे चेंबर बसवले, नगरसेवकानं नारळ फोडला आणि माइकवरून सांगितलं, ‘आता घरचे शोषखड्डे बुजवा, तुमची सोय झाली.’ शेजारच्या मावशी घरी विड्या वळायच्या. त्यांनी त्याच आठवड्यात मुरूम टाकून खड्डा बुजवला आणि संडासाचा पाइप चेंबरला जोडला. काही दिवसांतच चेंबर भरला, सगळी घाण उलटी फिरून त्यांच्या खोलीत आली आणि विडी कारखान्यातून आणलेली पानं, तंबाखू त्यात भिजून गेली. झाकण उचलून पाहिलं तर चेंबरमधून पुढं पाइपच गेलेला नव्हता. नगरसेवक नाकाला रुमाल लावून आला. ‘पाइप मंजूर हाय की मावशे, पुढच्या टप्प्यात येतोय.’ मावशी म्हणाल्या, ‘मग आमी हागायचं बी पुढच्याच टप्प्यात व्हय रं?’ गल्ली हसली. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला, सफाई कामगाराला ‘हितं फिनेल मार’ म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. मावशी भिजलेली पानं टोपलीत भरत राहिल्या. माल खराब केला म्हणून कारखाना आता त्यांना काम देणार नव्हता. हल्ली वॉर्डातले लोक महापालिकेविरुद्ध काढतात त्या पत्रकांचा मजकूर मी लिहितो. ‘नागरिकांची गैरसोय’ हे शब्द हाताशी तयारच असतात. मी ते खोडतो आणि लिहितो, माणसांच्या घरात गू शिरला.