सांभाळून, तिथं फ्रिज आहे

"सांभाळून वहिनी, तिथं फ्रिज आहे!"

मी एक पाय हवेत धरून जागच्या जागी थिजले. समोर काहीही नव्हतं. रिकामी खोली, भिंतीतून बाहेर आलेला एक नळाचा पाइप आणि कोपऱ्यात जमिनीवर विजेची एकुलती एक शेगडी. भाऊजींनी भिंतीकडे बोट केलं. तिथं पेन्सिलीनं खरोखरच एक फ्रिज काढलेला होता, अगदी मुठीसकट. शाळेपासून नाटकात कामं केलेली बाई मी. मला एवढं पुरे होतं. पदर सावरावा तसा कोट सावरला आणि त्या फ्रिजला वळसा घालून आत गेले.

जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा असंच मिळतं. जुना भाडेकरू जाताना ओटा, कपाटं, बेसिन सगळं उचकटून नेतो. नव्यानं आपलं आपण आणायचं. म्युनिकच्या एस-बान लोकलच्या शेवटाकडल्या एका गावात आम्ही राहत होतो. दोन हजार सहाच्या सुमाराला आमच्या खालच्या मजल्यावर हे भाऊजी राहायला आले. आमच्या ह्यांच्याच सॉफ्टवेअर कंपनीत. बायको आणि चार वर्षांची लेक पुण्याला.

"किचन बसवून टाका की भाऊजी," मी म्हटलं.

"ती येऊ दे. ओटा तिचा, रंग तिनं ठरवायचा. तोवर हे आहे ना!" 'हे' म्हणजे भिंतीवरचं.

पण ती येणार कधी? भाऊजींनी नोकरी बदलली होती, त्यामुळे त्यांचं परमिट नव्यानं व्हायचं होतं. ते झाल्याशिवाय बायको-मुलीला व्हिसा नाही. आणि परमिटच्या ऑफिसात अर्जांचे ढीग. तीन महिन्यांपुरता एक कागद हातात ठेवायचे. तो संपला की पुढच्या तीन महिन्यांचा. त्या कागदावर भारतात गेलं तर परत आत घेतील याची खात्री कोणी देईना, म्हणून भाऊजीही हलेनात. "काय म्हणतंय ऑफिस?" असं विचारलं की ते कारकुनासारखी मान वाकडी करून म्हणायचे, "गेडुल्ड, बिटे! धीर धरा!" आणि पेन्सिल उचलायचे.

ओट्याची उंची हा तर केवढा गहन प्रश्न! जर्मन ओटे उंच असतात, आपल्या बायकांचे खांदे भरून येतात. "वहिनी, तुम्ही तिच्याच उंचीच्या. जरा पोळ्या लाटता?" मग काय विचारता! मी हवेत पोळपाट मांडला, कणीक मळली, एक पोळी तर टम्म फुगवूनही दाखवली. भाऊजी टेप घेऊन माझ्या कोपराची उंची मोजत होते. "अहो, करपली ती! लक्ष कुठंय?" मी ओरडले, तर ते दचकून मागे सरले. समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्या जर्मन बाई चष्मा पुसून पुन्हा बघू लागल्या. मी त्यांनाही एक पोळी देऊ केली.

बेसिनपुढे एक स्टूल होतं, तेही पेन्सिलीचंच. लेकीचा हात नळाला पोचावा म्हणून. दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर तिची उंची कळायची, आणि भाऊजी रबर घेऊन स्टुलाचे पाय थोडे आखूड करायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. तिसऱ्यांदा नाही आलं.

एकदा पुण्याहून पार्सल आलं. आत पितळी पाटी, तिघांची नावं सुबक देवनागरीत कोरलेली. "दाराला लावू?" त्यांनी विचारलं.

"दाराला कशाला? टपालपेटीला लावा. दिवसातून चार वेळा तिथंच तर डोकावता!"

ऐकलंत ना? ही कल्पना माझी. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही मीच आणली. पेटीवरची छापील जर्मन चिठ्ठी आम्ही काढून टाकली, पाटी बसवली, मी टाळ्या वाजवल्या आणि जिन्यात उभं राहून छोटंसं भाषणही ठोकलं. नेहमीचा पोस्टमन सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखणारा. त्यानं पाटी बघून अंगठा वर केला.

मग तो तीन आठवडे रजेवर गेला.

पुढं महिन्याभरानं भाऊजी परमिटच्या ऑफिसात चौकशीला निघाले. माझं जर्मन बरं, म्हणून मीही बरोबर गेले. टेबलामागच्या बाईंनी फाइलमधून एक पाकीट काढलं. आत भेटीचं बोलावणं होतं, सगळे कागद घेऊन या म्हणून. तारीख उलटून गेली होती. पाकिटावर शिक्का: या नावाचं इथं कोणी नाही. बदलीवरच्या पोस्टमननं ते परत पाठवलं होतं.

"पेटीवर नाव लागतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

"होतं," भाऊजी म्हणाले. "तिघांचं होतं."

आता पुन्हा रांगेच्या शेवटी.

परतीच्या गाडीत, तुमचा विश्वास बसणार नाही, मी नुसती स्टेशनं मोजत बसले. शेवटी कसंबसं म्हटलं, "भाऊजी, माझ्यामुळे झालं हे."

"छे हो वहिनी," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "टाळ्या मात्र छान वाजवल्या होत्यात."

त्यानंतर आणखी तीन कागद झाले. एका रविवारी ते जिन्यात भेटले, हातात रबर. "काल लेक फोनवर म्हणाली, बाबा, मला आता स्टूल लागत नाही." रबर खिशात टाकत म्हणाले, "आणि ही म्हणाली, आता तुम्हीच या."

त्यांनी राजीनामा दिला.

घर सोडताना इथं भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतात. आम्ही दोघं मदतीला गेलो. भाऊजींनी माझ्या हातात रोलर दिला. "फ्रिज तुम्ही घ्या वहिनी. बेसिनकडचं मी बघतो." तिथं स्टूल नव्हतंच, आधीच पुसलेलं. तरी तेवढ्याच जागेवरून त्यांचा रोलर कितीतरी वेळ खालीवर होत राहिला.

ते गेल्यावर किल्ल्या माझ्याकडे होत्या. घरमालक ताबा घ्यायला आला. त्यानं भिंतींवरून हात फिरवला, "पेर्फेक्ट" म्हणाला, आणि खिडकी तपासायला सरळ फ्रिजमधून चालत गेला.

मी वळसा घालून गेले.