संपादकपदाचे उमेदवार शेषराव

अमडापूरच्या शेषरावांना बसून विचार करता येत नसे. डोक्यात काही शिजायला लागलं की पाय अंगणात फिरायला लागायचे. शेतकी खात्याच्या कीटक विभागात सहायक म्हणून त्यांनी सारी नोकरी जाळी खांद्यावर टाकून वऱ्हाडभर हिंडण्यात काढली, तेव्हा हा स्वभाव कामाला आला. कपाशीवरच्या अळ्या, ज्वारीवरची माशी, जे सापडेल ते गोळा करून ते वर पाठवत. छापून यायचं ते साहेबांच्या नावानं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, विसरलेही नाहीत.

म्हणून पेन्शनीत निघाल्यावर एक बातमी आली तेव्हा त्यांची झोप उडाली. अकोल्यातलं कीटक-अभ्यासकांचं एक मंडळ त्रैमासिक काढत असे. त्याचे गोरे मुख्य संपादक विलायतेला परत निघाले होते. त्यांच्या जागेसाठी दोन नावं पुढं आली, नागपूरचे एक प्राध्यापक आणि शेषराव. शेषरावांचं नाव सुचवलं होतं वरवट बकालच्या महादेवरावांनी. दोघं शिकायला नागपूरला एका खोलीत राहिलेले. पुढे एकानं नोकरी धरली, दुसऱ्यानं घरची जमीन. किड्यांचा नाद मात्र दोघांचाही सुटला नाही.

मंडळानं दोन्ही उमेदवारांना एकच लेख पाठवला, लेखकाचं नाव काढून. छापावा की परत करावा, ते बैठकीत येऊन सांगायचं. तोवर त्याबद्दल कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही.

शेषरावांनी पहिलं पान वाचलं आणि ओट्यावरून उठलेच. नाव काढलेलं असलं तरी प्रयोग ओळखीचा होता, लेख महादेवरावांचा होता. भेंडीवरच्या, कपाशीवरही पडणाऱ्या ठिपकेदार बोंडअळीतून एक बारीक गांधीलमाशी निघते, ती अळीला आतून खाते, ती वाढवली तर कपाशी वाचेल, असं त्यात म्हटलं होतं. लेख देखणा होता. पण ज्या बरणीतून त्या माश्या निघाल्या, ती भरताना शेषराव तिथंच होते. भेंडीवरच्या अळ्या एका बरणीत आणि अंबाडीवरच्या वेगळ्या जातीच्या अळ्या दुसरीत ठेवायच्या होत्या. दुसऱ्या बरणीत महादेवरावांच्या बायकोनं, तानुबाईंनी, लिंबाचं लोणचं घातलेलं. मग दोन्ही अळ्या एकीतच कोंबल्या. आता माश्या कोणत्या अळीतून निघाल्या, कोणी सांगावं? लेखात याचा शब्द नव्हता. महादेवराव खोटं लिहिणारे नव्हेत. आनंदाच्या भरात विसरले असणार.

"अंगणाले वाट पाडता का आता?" त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई म्हणाल्या. "जेवाले तरी बसा."

ते चार घास खाऊन पुन्हा उठले. लेख छापा म्हणावं तर ज्या खुर्चीसाठी जीव तळमळतो तिच्यावर बसण्याआधीच खोटं. परत करा म्हणावं तर ज्यानं आपलं नाव पुढं केलं त्याचाच केसानं गळा कापायचा, तोही त्याच्या पाठीमागं. आपल्याकडे ठरलेली सोयरीक मोडायची तरी माणूस दारात येऊन मोडतो. शेवटी त्यांनी खामगावची मोटार धरली, शेगावहून एकाची दमणी, बैलांची हलकी गाडी, मिळाली, आणि पूर्णा ओलांडून ते वरवट बकालला पोचले.

"काऊन बे शेषा, सांगावा नाई, काई नाई?" महादेवराव सरकी मोजून घेत होते.

शेषरावांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण प्याले नाहीत. "तुहा लेख माह्याकडं आला हाय. मी तो परत कराले सांगणार."

महादेवरावांचा चेहरा उतरला. "कोणत्या कारणानं?"

"दोन्ही अळ्या एकाच बरणीत होत्या, महादू."

"कोण म्हणते?"

"म्या पाह्यलं ना," तानुबाई आतून बोलल्या. "लोणचं मीच घातलं होतं."

"तू चूप बस व!" महादेवराव ओरडले आणि सरकी तशीच टाकून शेषरावांकडे वळले. "अन् हे सांगाले इतक्या दूर आला? तिकडच्या तिकडं नापास कराचं होतं!"

"मंग तुह्या घरचं पाणी कसं पेलो असतो?"

"अरे, पण आपल्या मंडळाचा नेम मोडला तू! आता तुले कोण करते संपादक?" शेषराव उभेच होते. महादेवरावांनी त्यांना हाताला धरून बाजेवर बसवलं. "आयक लेका. तू आलाच नाईस. मी कोणाले सांगत नाई. लेख परत कर, खुर्चीवर बस. पे आता पाणी."

शेषराव पाणी प्याले.

अकोल्याच्या बैठकीत प्राध्यापकांनी लेख छापावा म्हणून सांगितलं. शेषरावांनी परत करावा म्हटलं आणि बरणीची हकिगत सांगितली. चिटणीस रंगराव खूश दिसले. महादेवराव सभासद म्हणून मागच्या बाकावर होते. खाली मान घालून बसलेले.

"या लेखाबद्दल आपण कोणाशी बोलला नाहीत ना?" रंगरावांनी विचारलं. प्राध्यापकांनाही हेच विचारलं होतं, रिवाज म्हणून.

शेषराव खुर्चीवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"बोललो," ते म्हणाले. "लेखकाशीच. त्याच्या घरी जाऊन."

मंडळानं लेख परत केला, आणि मुख्य संपादक प्राध्यापकांना केलं. दोन्ही ठराव एकमतानं झाले. महादेवरावांनीही हात वर केला, पण फार सावकाश.

बाहेर व्हरांड्यात ते शेषरावांवर उखडले. "मी तोंड शिवून बसलो होतो! काऊन सांगितलं तू?"

"इचारलं त्यानं."

"इचारलं म्हणून सांगाचं?"

"मंग काय करू?"

खुर्ची गेल्याचं दुःख शेषरावांना झालं, पुढची कित्येक वर्षं झालं. नव्या अंकावर प्राध्यापकांचं नाव दिसलं की ते उठून अंगणात जात. त्या दिवशी मात्र स्टेशनावर गाडी येईपर्यंत दोघंही फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिले. महादेवरावांचे गुडघे दुखायचे. तरी बाकावर बसू या, असं ते म्हणाले नाहीत.