ताईंच्या गुडघ्याची चौकशी

आदरणीय सुशीलाताई खिल्लारे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या संस्थेच्या हिंगोलीतल्या कार्यालयात. फिरत्या दवाखान्यात नर्स म्हणून मी रुजू व्हायला आले होते आणि ताई पथकाच्या समन्वयक होत्या. एक फोन कानाला, दुसरा टेबलावर वाजतोय, दारात ड्रायव्हर रज्जाकभाई "ताई, गाडी कुठं घेऊ?" म्हणत उभे. मी कागदपत्रं पुढे केली. ताईंनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आधी चहा घ्या. नोकरी कुठं पळून न्हाई राहिली." मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी आजतागायत त्या मला 'अहो'च म्हणतात.

ताईंच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, तेव्हा त्यांच्या कामाबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे. गावोगाव तपासणी आणि औषधं पोचवणं हे आमचं काम. प्रत्येक गावात आमची एक कार्यकर्ती, आणि सगळ्यांचा मिळून मोबाईलवर एक ग्रुप. त्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो, वाढदिवसाचे केक, कुणाच्या तरी म्हशीचं रेडकू, आणि या गर्दीत कुठेतरी 'बीपीच्या गोळ्या संपल्या'. एकदा तर आमच्या दोन्ही गाड्या हट्टा गावाला पोचल्या आणि कनेरगाव नाक्याला माणसं वाट बघत बसली. ताई कुणावर रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः नाक्याला गेल्या आणि ताटकळलेल्या प्रत्येकाची त्यांनी माफी मागितली.

त्यानंतर त्यांनी एआय आणलं. गाड्या निघायच्या आधी प्रत्येक कार्यकर्तीने आपापल्या बोलीत बोलून निरोप पाठवायचा. एआयने ते सगळे ऐकून एका पानात मांडायचं: कोणती गाडी कुठे, सोबत कोणती औषधं, कुणाला काय कळवायचं. फालतू गप्पा गाळ, असं आम्हीच त्याला बजावलं होतं, आणि ते इमानाने गाळत होतं. गाड्या चुकायच्या थांबल्या. ताईंच्या टेबलावरचा दुसरा फोनही बराचसा शांत झाला.

मग वरच्या एका साहेबांना वाटलं, कोण निरोपाला उशिरा उत्तर देतं, हेही याच्याकडून काढून घ्यावं. ताईंनी सरळ नकार दिला. "निरोप पोचवायला आणलंय त्याला, चुगल्या करायला न्हाई," असं त्या भर बैठकीत म्हणाल्या. रज्जाकभाईंचा तोवर या यंत्रावर काडीचा भरवसा नव्हता. त्या दिवसापासून तेही त्याच्याशी मोकळेपणी बोलू लागले.

पण ताई म्हणजे काय हे मला कळलं ते साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या आमच्या कार्यकर्तीमुळे, कमलबाई राठोड यांच्यामुळे. कमलबाईंची एक रीत आहे. कामाचं बोलण्याआधी त्या सगळ्यांची विचारपूस करतात. ताईंचा गुडघा कसा आहे, रज्जाकभाईंच्या मुलीचं कुठं जमलं का, माझं जेवण वेळेवर होतं का. मग कुठे गोळ्यांचं निघतं. एआय त्यातल्या गोळ्या तेवढ्या ठेवायचं.

एका सकाळी पानावर ओळ आली, 'साखरा तांडा: मागणी नाही, गाडीची गरज नाही.' मी ती वाचून गाडी दुसरीकडे वळवायला निघाले. ताईंनी मला थांबवलं. "कमलबाईंनी माझ्या गुडघ्याचं विचारलं का?" मला हसू आलं. ताईंनी मूळ निरोप लावला. "समदं बराबर हाय ताई. गाडी नका पाठवू. ठेवते." एवढंच. एआयने लिहिलं होतं त्यात काही खोटं नव्हतं.

"असं कसं ठेवून दिलं?" म्हणत ताईंनी लगेच फोन लावला. बराच वेळ पलीकडून नुसतं हं-हं.

"काहून बोलून न्हाई राहिल्या कमलबाई? खरं सांगा."

"पित्त असंल ताई. छातीत दाबल्यावानी होऊन राहिलं सकाळपासून. गाडी मला न्यायला आली तर तिकडले पेशंट ताटकळतील ना."

दुसऱ्यांच्या गोळीसाठी भांडणारी ही बाई स्वतःसाठी गाडी मागायला लाजत होती. रज्जाकभाई हातातला चहा तसाच ठेवून निघाले, मी सोबत गेले. हिंगोलीला आणल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका आहे, अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. त्या रस्त्यावर मला जी भीती वाटली ती मी कधी विसरणार नाही.

ताईंनी यंत्राला दोष दिला नाही. "आपणच त्याला गाळायला सांगितलं," म्हणाल्या. आता आमच्या पानावर सगळ्यात वर आपल्याच माणसांची खुशाली असते. कुणाचा निरोप नेहमीसारखा नसला की एआय तसं कळवतं, आणि मग कुणीतरी माणसाने फोन करायचा, हा नियम. रेडकांचे फोटो मात्र अजून गाळले जातात, याबद्दल काहींची तक्रार आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबते. खुशालीत ताईंनी स्वतःबद्दल 'गुडघा बराबर' असं सांगितलं. पानावर तसंच आलं, गावोगावच्या कार्यकर्तींनाही गेलं, आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि कामाला लागलो. दुपारी एसटीने कमलबाई दारात हजर. तब्येत जपत, सावकाश पायऱ्या चढून आलेल्या.

"अहो, कशाला एवढी तकलीफ घेतली? ठीक आहे म्हटलं ना मी," ताई म्हणाल्या.

"मी बी तसंच म्हणले होते ताई," कमलबाई म्हणाल्या, आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन आता ठरलं आहे.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातला प्रत्येक दिवस स्वतःच्या पायांवर चालण्याचा असो. दुखलं की सांगत चला. सांगितलं नाहीत तरी साखऱ्याहून एसटी येतेच.