बारा भाकऱ्यांचा भागाकार

आहाराच्या सरकारी पाहणीत मी काम करते. घरोघरी जाऊन एकच गोष्ट विचारायची: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं? ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या इंदापूरकडं जेवणाऱ्याच्या भाकरी मोजत नाहीत. लहानपणी मी भावाला "कितवी रे?" एवढंच विचारलं, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. आता तेच विचारत गावोगाव हिंडते.

सुप्याच्या पुढं माळावर एक घर होतं. नवरा, दीर, सासू आणि सातवा महिना लागलेली सून. गरोदर बाईचं खाणं कमी निघालं की टॅबवर लाल खूण येते, आणि त्याच दिवशी अंगणवाडीताईला कळवायचं असतं. म्हणजे तिच्याकडं कुणीतरी लगेच जातं. हे मला पाठ होतं.

मी सुनेला विचारलं, "काल किती भाकरी खाल्ल्या?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात सासू म्हणाली, "तिच्या तोंडचं मोजू नगा, बाई. पोटुशी हाय, नजर लागंल."

मी ठाम राहायला हवं होतं. मी चक्क हसले; माझी आईच बोलतेय असं वाटलं. मग नको तो शहाणपणा केला. "बरं, दिवसभरात थापल्या किती?"

"बारा."

माणसं चार. मी प्रत्येकी तीन लिहिल्या. गोठ्यात म्हैस होती, म्हणून दूधही लिहून टाकलं. सगळं दूध डेअरीला जातं, हे मला काय ठाऊक नव्हतं? टॅबनं मुकाट्यानं सगळं घेतलं. लाल खूण आली नाही.

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "ताई, तीन लिवल्या व्हय? मला येक बी धड जात न्हाय. समदं उलटून पडतं. उरल्याल्या म्हशीला घालते."

एकदा पाठवलेली माहिती परत उघडत नाही. पण हातात फोन होता की! अंगणवाडीताईला एक फोन, बस्स. उन्हं कलली होती, अजून दोन घरं राहिली होती, लोणी भापकरला जाणारी गाडी चुकली असती. "डॉक्टरांना दाखव गं," म्हणाले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी विसरलेसुद्धा. त्या विसरण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तीन महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले. वळणीवर एकही दुपटं नव्हतं. सासूनंच सांगितलं, बाळ दिवस भरायच्या आत झालं. मुलगी होती. दोन दिवस राहिली. मी कळवलं असतं तर वाचली असती का, कोण जाणे. पण कळवलं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

सून खांबाला टेकून बसली होती. मी टॅब काढला आणि परत पिशवीत ठेवायला लागले.

"इचारा की," सासू म्हणाली. "आता मोजा. आता कुणाला नजर लागायची हाय?"

मी विचारलं. सून म्हणाली, "आर्धी."

मी अर्धी लिहिली आणि तिच्यासमोरच रडायला लागले. तीच उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.